‘सध्या तयारी करतोय’ याच्या पुढे मुलाखत कशी न्यायची?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतात आणि सोबत पीएच.डी. करताहेत. ग्रामीण भागातली मुलंमुली शिक्षण संपवून कामाला कशी लागतात, हा त्यांचा विषय. मिरज, तासगाव आणि जत तालुक्यांत त्यांनी सुरुवातीच्या मुलाखती घेतल्या, पण बहुतेक मुलं दोन वाक्यांत संपतात: ‘सध्या तयारी करतोय मॅडम. बघू काय होतंय.’ गाईड म्हणतात, मुलाखतींचं हे असंच होणार, त्यापेक्षा तीनशे जणांची प्रश्नावली भरून घ्या आणि टक्केवारी काढा. ताईंना विचारायचंय की मुलाखती किती घ्यायच्या, त्यांत नेमकं काय विचारायचं, आणि हाती आलं ते संशोधनच आहे हे व्हायवात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) कसं पटवायचं.

ताई, संख्या सगळेच आधी विचारतात. मी ती मागे ठेवते. मुलाखतच दोन वाक्यांत संपत असेल तर दहा घेतल्या काय आणि शंभर घेतल्या काय, सारखंच.

मुलगा ‘तयारी करतोय’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला टाळत नसतो. मामा, शेजारी, लग्नात भेटणारे पाहुणे, सोसायटीचे सचिव, सगळेच त्याला ‘काय चाललंय सध्या?’ असं विचारत असतात, आणि या सगळ्यांसाठी त्यानं हे उत्तर तयार ठेवलेलं असतं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून तुम्हालाही तेच मिळालं. या एका उत्तराखाली मला फार वेगवेगळी आयुष्यं सापडली आहेत. एकजण पहाटे पाचला भरती अकॅडमीच्या ग्राउंडवर सोळाशे मीटर पळतो. दुसऱ्यानं पुस्तकं कधीच बंद केलीत, पण घरी सांगितलेलं नाही. तो रोज अभ्यासिकेत जाऊन बसतो, कारण घरी बसलेला पोरगा गावाच्या डोळ्यांवर येतो. तिसरा घरची द्राक्षबाग सांभाळतो आणि जाहिरात आली की फॉर्म भरतो. चौथा सांगलीच्या विश्रामबागेत मोबाईलच्या दुकानात आठ-नऊ तास उभा असतो, पण ते काम त्याला सांगण्याजोगं वाटत नाही. आणि एखादी मुलगी परीक्षेच्या नावावर स्थळं थोपवून धरते. परीक्षा होईपर्यंत बघायला येऊ नका, एवढं म्हणायची सोय तिला मिळालेली असते.

तेव्हा ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न यादीतून काढून टाका. ‘पुढं काय ठरवलंयस?’ हाही. कालचा दिवस विचारा. किती वाजता उठलास, आधी कुठं गेलास, गाडी कुणाची, पेट्रोल कुणाच्या पैशाचं, दुपारी कुठं जेवलास, संध्याकाळी कोण कोण भेटलं. मग मागच्या महिन्यात हातात किती पैसे आले आणि कुठून, हे विचारा. पैशाचा धागा धरला की दडलेलं काम आपोआप वर येतं. ‘पेट्रोल टाकलं ना मीच, शेडवर गेलो होतो आठवडाभर’ असं तो सहज बोलून जातो, आणि हे बेदाणा शेडवरचं काम त्यानं पहिल्या मुलाखतीत कामात धरलेलंच नसतं.

इथं आकडेवारीशी एक गंमतशीर गाठ पडते. आपल्याकडचे रोजगार-बेरोजगारीचे अधिकृत आकडे २०१७-१८ पासून पीएलएफएस या केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीतून येतात. घरच्या शेतात किंवा दुकानात मोबदला न घेता मदत करणारा त्या पाहणीत काम करणारा म्हणून मोजला जातो. चालू साप्ताहिक स्थितीचा निकष लावला, तर आधीच्या सात दिवसांत एक तास काम केलेलाही त्यात बसतो. म्हणजे तासगावचा हा द्राक्षबागेतला मुलगा स्वतःच्या आणि आईबापांच्या लेखी बेकार, सरकारी तक्त्यात मात्र कामाला लागलेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. गाईडना तुमची तीनशेची प्रश्नावली का अपुरी पडेल हे सांगायला हे उदाहरण पुरेसं व्हावं: ‘तुम्ही सध्या नोकरी करता का? होय/नाही’ यावर तो ‘नाही’वर खूण करेल, आणि त्या खुणेत काय काय कोंबलंय ते कळणार नाही. प्रश्नावलीला माझा विरोध नाही. मुलाखतींनंतर ती केलीत तर पर्याय तरी जमिनीवरचे असतील.

आता मुख्य गोष्ट. या विषयावर मला एकच खात्रीशीर पद्धत माहीत आहे: मुलाचं महिनावार कॅलेंडर काढा, आणि त्याच्या शेजारी बाहेरच्या जगाचं कॅलेंडर ठेवा. बाकी सगळं याच्या आधारानं.

पहिलं कॅलेंडर त्याच्यासोबत बसून काढायचं. मोठा कागद घ्या, आडवी वर्षं मांडा, दहावीपासून आजपर्यंत. खाली ओळी पाडा: शिक्षण, पैसे मिळालेलं काम, पैसे न मिळालेलं काम, भरलेले फॉर्म आणि दिलेल्या परीक्षा, राहण्याचं ठिकाण, खर्च कोण भागवत होतं, घरात काय घडलं. पेन त्याच्या हातात द्या. मुलाखत म्हटलं की अवघडणारी पोरं कागदावर वाकली की मोकळी होतात. अमेरिकेत डेबोरा फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या तंत्राची रीतसर मांडणी केली होती, तीही तरुणांच्याच अभ्यासातून. त्यामुळे पद्धतीच्या प्रकरणात संदर्भ द्यायला अडचण नाही.

तारखा कुणालाच आठवत नाहीत, खुणा आठवतात. सांगलीत तर खुणांची चंगळ आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर, मार्च २०२० चा लॉकडाऊन, जुलै २०२१ चा पूर. ‘कुपवाडची नोकरी पुराच्या आधी सोडलीस की नंतर?’ ‘कुठल्या पुराच्या?’ इथून गप्पा सुरू होतात. नदीकाठी पूर, तर तासगाव-कवठेमहांकाळकडे छाटणी: एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. वाळवा-पलूसकडे कारखान्याचा हंगाम. जतच्या पूर्व भागात टँकर कधी लागला आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी कधी आलं, यावरून वर्षं ओळखतात. तरीही तारीख सापडेना तर त्याला फोन उघडायला सांगा. ईमेलमध्ये फॉर्मच्या पावत्या, हॉल तिकिटं, कंपनीचं जॉइनिंग, सगळं तारखेसह असतं. मात्र फोन त्याच्याच हातात राहू द्या, वाचूनही त्यालाच दाखवू द्या. घरी जुन्या हॉल तिकिटांची फाईल असते, ती बघायला मागा. आई ती आणून देते आणि देताना चार गोष्टी सांगते, त्याही टिपा.

फॉर्मच्या ओळीत पैसेही लिहा. २०२३ च्या तलाठी भरतीचं परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० होतं. त्यात परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, एखादी रात्र कुणाकडे तरी काढणं, हेही धरा. एका मुलाच्या वर्षभराच्या फॉर्मांची बेरीज त्याच्या बापानं कधी केलेली नसते. मुलानंही नसते. कागदावर ती समोर आल्यावर दोघं काय बोलतात ते ऐका.

काम आणि शिक्षण यांच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतील, त्यानं गोंधळून जाऊ नका. आधी शिक्षण संपतं, मग काम सुरू होतं, हे गृहीत आपण इंग्रजी पुस्तकांतून उचललंय. तिकडेही ते आता पुरतं खरं नाही. आपल्या भागात ते कधी खरं होतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा आणि शिका’ हा तिचा कणाच झाला, कारण पोरं काम करणारच हे त्यांनी धरूनच चाललं होतं. आजही बारावीच्या सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर गेलेली मुलगी किंवा बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत सकाळी दूध संकलनावर बसणारा मुलगा हा काही अपवाद नाही.

दुसरं कॅलेंडर तुम्ही एकटीनं बसून करायचं, मुलाखतींच्या आधी. त्यात दर वर्षी कोणत्या भरत्या निघाल्या, कोणत्या रखडल्या, कोणते नियम बदलले, हे टाका. तुम्ही निवडलेल्या मुलांच्या वयाला लागू पडणाऱ्या काही नोंदी मीच देते. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. तलाठी भरतीची परीक्षा २०१९ ला झाली, पुढची २०२३ ला. सैन्य भरती करोनामुळे २०२० पासून रखडली आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला कायम करणार. वयोमर्यादा २१ ची होती, ती पहिल्या वर्षापुरती २३ केली. एमपीएससीनं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि तो बदल २०२५ पर्यंत पुढं गेला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला महिना ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. तुमची बरीच मुलं त्यात एखाद्या कार्यालयात बसून आलेली असतील, आणि ते नोकरीच्या ओळीत लिहायचं की शिक्षणाच्या, यावर त्यांचंच एकमत नसेल.

आता ही दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा. डी.एड. झालेली एक मुलगी सांगते, ‘मीच कमी पडले. माझ्यात सातत्य नव्हतं.’ तिच्या कॅलेंडरमध्ये डी.एड. २०१८ ला पूर्ण, आणि शेजारच्या कॅलेंडरमध्ये पुढची चाचणी २०२३ ला. मधली पाच वर्षं सातत्य दाखवायचं ते कशात? १९९९ साली जन्मलेला एक मुलगा म्हणतो, ‘आर्मीचं माझ्या नशिबात नव्हतं.’ त्याची विशी-एकविशी भरती रखडलेल्या दोन वर्षांत संपली. नशीब हा शब्द त्याचा, तो तसाच ठेवा, पण प्रकरणात त्याच्याशेजारी तारखा आल्या पाहिजेत. ब्रिटनमधल्या तरुणांवर काम करताना अँडी फर्लाँग आणि फ्रेड कार्टमेल यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: परिस्थितीची बांधणी तरुणाची वाट ठरवत राहते, पण ती दिसेनाशी होते, आणि तो यशापयश स्वतःच्या खात्यावर लिहून घेतो. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) सैद्धांतिक चौकट म्हणून लिहायला हे तुम्हाला चालेल. त्यांचं ब्रिटन निराळं होतं, हेही लिहा. तिथे सोळाव्या वर्षी शाळा सोडून थेट कारखान्यात जायची वाट बंद पडली आणि सरकारी प्रशिक्षण योजना आल्या, त्यातून हा सगळा अभ्यास वाढला. आपल्याकडचा प्रश्न लांबलेल्या रांगेचा आहे, आणि त्यावर क्रेग जेफ्री यांनी मेरठमध्ये शिकलेल्या बेकार तरुणांबरोबर केलेलं काम तुम्हाला जास्त जवळचं वाटेल.

एक सावधगिरी. तारखा हातात आल्या म्हणून मुलाखतीत त्याला ‘तुझी चूक नव्हती रे’ असं समजावू नका. तुम्ही ऐकायला गेला आहात. उलट बाजूनंही तसंच: सगळं पेपरफुटीवर आणि वशिल्यावर ढकलणारा मुलगा भेटला तर त्याच्या कॅलेंडरमधल्या परीक्षा मोजा, कधीकधी दोनच निघतात.

वशिल्याचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल. ‘वशिला लागतो का?’ असं विचारलंत तर सगळे ‘लागतोच की’ म्हणतील आणि स्वतःचा कुणीच सांगणार नाही. ‘तिथं पहिल्यांदा कोण घेऊन गेलं?’ असं विचारा. हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न आहे. कुपवाड एमआयडीसीत ठेकेदाराकडे कोण घेऊन गेलं, चाकणला पहिल्या रात्री कुणाच्या खोलीवर झोपलास, अकॅडमीचं नाव कुणाकडून कळलं. उत्तरात माणसं येतात: चुलत भाऊ, गावातला आधी गेलेला, मामाच्या गावचा, दाजी. आणि माणसांबरोबर जातही येते, न विचारता. कुणाला घेऊन जायला कुणी होतं आणि कुणाला कुणीच नव्हतं, यावरच एक अख्खं प्रकरण उभं राहील.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण तुमच्या जिल्ह्यातच आहे, आणि तुमच्या निवडीत ते नाही याचं मला आश्चर्य वाटलं. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतला गलाई व्यवसाय. या गावांतली माणसं सोनं-चांदी शुद्ध करायच्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या देशभर पसरलेली आहेत, केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत. तिथं मुलगा दुकानात नातेवाइकाच्या हाताखाली जातो, भट्टी आणि हिशेब शिकतो, भाषा उचलतो, आणि वर्षांनी जमलं तर स्वतःचं दुकान टाकतो. शाळा कुठल्या इयत्तेत सुटली हे तिथं फारसं आड येत नाही, कुणाच्या घरातला आहे हे मात्र येतं. शिक्षणातून कामाकडे जायची ही पूर्ण वाट आहे, फक्त ती कॉलेजच्या दारातून जात नाही. तुम्ही फक्त पदवीधर घेतलेत तर ती तुमच्या प्रबंधात दिसणारच नाही. जतऐवजी आटपाडी घ्या असं मी म्हणत नाही, पण विट्याच्या बाजूची चार-पाच मुलं तरी घ्या. ती गावच्या जत्रेला नाहीतर दिवाळीला घरी सापडतात, एरवी फोनवर, दुकान बंद झाल्यावर.

सापडण्यावरून निवडीकडे येते. बहुतेक विद्यार्थी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकतात. त्यातून कोण येतं? ज्याचं बरं चाललंय तो. मी असं सुचवेन: एखाद्या कॉलेजची रीतसर परवानगी घेऊन एका वर्गाची जुनी पटनोंद मिळवा, उदाहरणार्थ २०१७-१८ ला बी.ए. भाग एकला प्रवेश घेतलेली तुकडी, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाचा माग काढा. प्रत्येकाची मुलाखत घ्यायची नाही, प्रत्येकजण आज कुठं आहे एवढं कळलं पाहिजे. मग त्यातून वेगवेगळ्या वाटांची माणसं निवडा. जी सापडत नाहीत त्यांची नोंद ठेवा: सासरी गेलेल्या मुली, दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून पुण्याला गेलेली पोरं, नंबर बदललेले. अशा एका यादीतून तुम्हाला कळेल की ‘आमचे विद्यार्थी’ म्हणून कॉलेज ज्यांची नावं फलकावर लावतं ती तुकडीचा केवढा भाग आहेत.

आणि आता संख्या. ‘बारा मुलाखतींत नवं काही यायचं थांबतं’ हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. त्याचं मूळ ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या लेखात आहे. घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती त्यांनी तपासल्या, आणि बहुतेक संकेत (कोड, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना दिलेली नावं) पहिल्या बारांत येऊन गेल्याचं त्यांना दिसलं. तो गट बऱ्यापैकी एकसारखा होता, प्रश्न ठरलेले होते. तुमच्याकडे बागायती आणि दुष्काळी तालुके, मुलगे आणि मुली, पदवीधर आणि शाळा सुटलेले, अशी फाळणी आहे. तुम्ही ठरवलेल्या प्रत्येक वाटेवर पाच-सहा जण आणि प्रत्येकाची दोनदा भेट, असं धरलंत तर पंचवीस-तीस माणसं होतात, आणि एकट्या माणसाला ती नीट ऐकायला भरपूर आहेत. शिवाय मुलांखेरीज एखादा अकॅडमीवाला, एखादा ठेकेदार, अभ्यासिका चालवणारा, दोन-तीन आया. ठेकेदार तर जरूर घ्या, कंपनीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

दुसरी भेट टाळू नका. वर्षानं पुन्हा जा, तोच कागद पुढे ठेवा. पहिल्या भेटीत ‘एमपीएससी हेच ध्येय’ म्हणणारा दुसऱ्या भेटीत म्हणतो, ‘मला आधीपासूनच व्यवसायात रस होता.’ तो खोटं बोलत नाही. जे झालं त्याला जुळेल असा भूतकाळ माणूस लावत जातो, आणि एकाच भेटीत ही जुळवाजुळव आपल्याला दिसत नाही. आंध्र आणि तेलंगणातल्या मुलांच्या मागे २००२ पासून लागलेला यंग लाइव्ह्ज हा अभ्यास त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा जातो, त्यातल्या थोड्या मुलांशी २००७ पासून सविस्तर बोलतोही. तुमचं पीएच.डी. तेवढं चालणार नाही (चालेलही, काही सांगता येत नाही), पण दोन भेटी बसतात.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्या कॅलेंडरमध्ये लग्न ही घरातल्या घटनांची ओळ राहत नाही, ते राहण्याचं ठिकाण, पैसे आणि काम या तिन्ही ओळी एकदम बदलतं. मिरजेत नर्सिंग केलेली मुलगी सासरी आटपाडीला गेली की तिच्या प्रमाणपत्राची किंमत तिथल्या दवाखान्यांवर ठरते. त्यामुळे ‘नोकरी का सोडली?’ यापेक्षा ‘नोकरी कुठं होती आणि तुम्ही कुठं राहायला गेलात?’ हे विचारा. एसटीचा प्रश्न विसरू नका. शेवटची गाडी किती वाजता, थांब्यापासून घर किती लांब, न्यायला कोण येतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानं कुपवाडला कामाला येणाऱ्या मुलींचा हिशेब बदलला का, हेही विचारून बघण्यासारखं आहे. सासरी मुलाखत घ्यायची वेळ आली तर सासूबाई शेजारी बसणारच. त्यांना उठवायच्या भानगडीत पडू नका. त्यांचीच आधी वीस मिनिटं मुलाखत घ्या, त्यांच्या काळी कामाचं काय होतं ते विचारा. त्या खूश होतात, चहा टाकायला आत जातात, आणि त्यांनी सांगितलेलंही कामाचंच निघतं.

मुलांच्या घरी मात्र वडील ओसरीवर असतील तर मुलाखत बाहेर न्या. बांधावर, अभ्यासिकेच्या खालच्या चहाच्या गाड्यावर, कुठंही. बाप ऐकत असताना पोरगं स्वप्नं सांगतं, हिशेब सांगत नाही.

तुमच्या स्वतःच्या जागेबद्दल एक बोलते, राग मानू नका. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, म्हणजे नेट-सेट, पीएच.डी. आणि जाहिरातीची वाट, या सगळ्यात तुम्हीही त्याच रांगेत उभ्या आहात. मुलांना ते माहीत असतं. काही त्यामुळे मोकळं बोलतील, काही ‘मॅडमचंच झालं नाही तर आपलं काय’ असं मनात धरून बोलतील. पद्धतीच्या प्रकरणात यावर दोन पानं लिहा, लपवू नका. आणि सध्या ज्यांचे अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत त्यांना अभ्यासात घेऊच नका. त्यांची संमती कितपत खरी, हे ना तुम्हाला कळेल ना त्यांना.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, बोलल्यासारखं लिहा. अठराच्या आतला मुलगा असेल तर पालकांची संमती आणि त्याचीही. नाव बदललं म्हणजे ओळख झाकली असं आपल्या गावांत होत नाही. ‘अमुक गावातली बी.फार्म. झालेली एकमेव मुलगी, वडील निवृत्त कंडक्टर’ एवढ्यावर पंचक्रोशी ओळखते. तालुका ठेवा, गाव काढा, वडिलांचा व्यवसाय त्याच दर्जाचा दुसरा लिहा. नोकरीला लावून देण्याचा शब्द कुणालाही, चुकूनही देऊ नका. मुलाखतीत एखादं पोर कोसळतं, तेव्हा रेकॉर्डर बंद करून बसून राहा, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर कागदावर लिहून सोबत ठेवा. तुम्हाला तो लागेल.

रेकॉर्डिंगचं शब्दांकन स्वतः करा, बाहेर टायपिंगला देऊ नका. टाइप करणारा माणूस ‘न्हाय लागलो कुटं’ याचं ‘मला कुठेही नोकरी मिळाली नाही’ करून देतो, आणि लागणं-चिकटणं-टिकणं यातला मुलांनी केलेला फरक पुसून जातो. प्रबंध इंग्रजीत असेल तरी संकेत मराठी मजकुरावर लावा. विश्लेषणासाठी सध्या सगळे ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या लेखाचा हवाला देतात, तुम्हीही द्याल. त्या दोघींचं एक म्हणणं मात्र पाळा: सूत्रं (थीम्स, म्हणजे अनेक मुलाखतींना जोडणारे धागे) मजकुरातून आपोआप उगवत नाहीत, ती संशोधक बांधतो. माझी कसोटी साधी आहे. तुमची सूत्रं ‘आर्थिक अडचणी’, ‘कौटुंबिक दबाव’, ‘कौशल्याचा अभाव’ अशी निघाली, तर ती तुम्ही घराबाहेर न पडता लिहू शकला असता. ‘घरी न सांगितलेली माघार’, ‘दुसऱ्याच्या खोलीवरचे पहिले तीन महिने’, ‘स्थळ थांबवणारी परीक्षा’ अशी निघाली, तर तुम्ही कुठंतरी जाऊन आलात.

गाईडचं आणि व्हायवाचं. सिनॉप्सिसच्या नमुन्यात गृहीतकांचा रकाना असतोच, त्यात संशोधनप्रश्न लिहून द्या आणि समितीपुढे एका वाक्यात कारण सांगा. पंचवीस मुलाखतींवर ‘६० टक्के तरुणांचे मत’ असं कुठंही लिहू नका. परीक्षक तिथंच पकडतात आणि ते बरोबरच करतात. ‘हे सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. तुम्ही किती मुलं रांगेत आहेत ते मोजलेलं नाही, रांग आतून कशी चालते ते दाखवलंय: पैसा कुठून येतो, कोण कुणाला घेऊन जातं, माघार कशी घेतली जाते. मग तो कागद उघडून दाखवा, एका मुलाची सात वर्षं आणि शेजारी भरत्यांची सात वर्षं. मी पाहिलेल्या व्हायवांमध्ये यानंतरचे प्रश्न पद्धतीवर आले नाहीत, त्या मुलावर आले.

सुरुवातीच्या मुलाखती फेकू नका. त्यातल्याच दोन वाक्यांत संपलेल्या तीन-चार मुलांकडे कोरा कागद घेऊन परत जा. फक्त तासगावकडे फळछाटणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणी बसायला मोकळं नसतं.